दोरी ओढण्याआधी

कोकणात मे सरत आला की घरोघर आगोटीची घाई सुरू होते. लाकूडफाटा पडवीत येऊन पडतो, सुकी मासळी, मीठ, मिरची, कोकम डब्यांत भरले जाते, घर शाकारून होते. मिरग लागायच्या आत हे सगळे उरकायचे असते, कारण नंतर पाऊस कुणाला विचारत नाही. अलीकडे ओळखीच्या बऱ्याच घरांत या बेगमीत एक यंत्रही येऊन बसले आहे: पेट्रोलवर चालणारा, दोघांनी उचलून इकडचा तिकडे ठेवावा एवढा लहान जनरेटर.

तो आला ३ जून २०२० नंतर. त्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले आणि रायगडापासून दापोली-मंडणगडापर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब हजारोंनी पडले. काही गावांत लाईट परत यायला आठवडेच्या आठवडे गेले. विहिरीत पाणी होते, पण पंप मुका. टाळेबंदीचे दिवस, मुंबईतल्या माणसाला गावाशी जोडणारा धागा म्हणजे मोबाइल, आणि तो चार्ज करायला लाईट नाही. मग कुणाच्या टेम्पोत, कुणाच्या गाडीच्या डिकीत जनरेटर आले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ गोवा आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून वर गुजरातकडे गेले, तेव्हा ते पुन्हा बाहेर निघाले.

यातल्या बहुतेक यंत्रांची माणसाशी पहिली गाठ पडली ती अंधारात, भर पावसात, बॅटरीच्या उजेडात. सोबतचे पुस्तक खोक्यात राहिले आणि घरातल्या सर्वांत दणकट माणसाने दोरी धरली. सुरू होईना तशी तो ती जोरजोरात ओढत राहिला. मी ज्याच्याकडून या यंत्राची ओळख करून घेतली तो बाजारपेठेतला मिस्त्री याच दृश्यावर हसायचा. "दोरी सगळ्यात शेवटी," तो म्हणायचा. "आधी जागा बघा."

जागा आधी का, हे मला तेव्हा कळले नव्हते. मला वाटायचे तेल, पेट्रोल, प्लग या खऱ्या गोष्टी. जागा काय, कुठेही असते. पण या यंत्राने आजवर जी माणसे मारली, त्यांतली फार मोठी संख्या जागेपायी गेली. जनरेटर घराच्या आत खेचणाऱ्या तीन गोष्टी असतात: पाऊस, चोर आणि शेजाऱ्याची झोप. पाऊस लागू नये म्हणून तो पडवीत येतो, चोरीला जाऊ नये म्हणून दाराआड जातो, आवाज नको म्हणून दार लोटून घेतले जाते. तिन्ही कारणे शहाणपणाची दिसतात, म्हणून तर माणूस फसतो.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पेट्रोलला जळायला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की हा वायू तयार होतो. मोटारीच्या धुराड्यात तो निष्प्रभ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असते. आपल्याकडच्या लहान, साध्या जनरेटरला सहसा ते नसते. शिवाय साध्या कार्बोरेटरचे इंजिन पेट्रोल थोडे जास्तच पिते, त्यामुळे हा वायूही भरपूर सुटतो. अमेरिकेतला ग्राहक सुरक्षा आयोग सांगतो की असा एक जनरेटर शेकडो मोटारींइतका कार्बन मोनॉक्साइड ओकू शकतो. त्या देशात वादळानंतर जनरेटर लावणे नेहमीचे, आणि तिथे या यंत्रांच्या धुराने दरवर्षी ८० ते १०० माणसे दगावतात.

या वायूला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर वायूंचा. वास नाही म्हणजे विष नाही, असे मुळीच नाही. तो हवेहून अगदी किंचित हलका, जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा असल्यामुळे खाली बसत नाही की छपराशी जमत नाही, खोलीभर सारखा पसरतो. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे-अडीचशे पटींनी घट्ट त्याला धरून ठेवते. म्हणजे छाती वर-खाली होत असते, फुप्फुसात हवा जात असते आणि तरी शरीर गुदमरत असते. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे १६०० भाग झाले की वीसेक मिनिटांत डोके ठणकू लागते, मळमळते, गरगरते. तासा-दोन तासांत जीव जातो. झोपलेल्याला तर डोकेदुखीची सूचनाही मिळत नाही.

२०२० साली घराघरांत आणखी एक यंत्र आले होते, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर. त्याचा इथे उपयोग नाही, उलट घात आहे. हे साधे यंत्र रक्ताचा रंग पाहून आकडा सांगते, आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच लालबुंद दिसते. विषबाधा झालेल्या माणसाच्या बोटावरही ते खुशाल ९८ दाखवू शकते. मास्कनेही हा वायू अडत नाही. जनरेटर चालू असताना घरातल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखू लागले, तर ते जागरण किंवा पित्त समजू नये. सगळ्यांनी आधी उघड्यावर यावे, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात जनरेटरचे सांगावे. शुद्ध प्राणवायू हाच त्यावरचा उपचार, आणि तो द्यायचे डॉक्टरला सुचले पाहिजे.

म्हणून जागा उघड्यावरची, घरापासून निदान २० फूट, म्हणजे सहा मीटर लांब. खिडकी उघडी ठेवली, पंखा लावला, पडवीला एकच भिंत आहे, यातले काहीही चालत नाही. धुराडे घराकडे आणि शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नको. वाडीतल्या घराला हे जमते: खळ्यापलीकडे गडग्याच्या बाजूला दोन चिरे सपाट बसवायचे, त्यावर यंत्र. चार बांबू रोवून वर पत्रा टाकला, चारही बाजू मोकळ्या ठेवल्या की पावसाची सोय झाली. चालू यंत्रावर ताडपत्री पांघरायची नाही; ती धुराड्याला चिकटून पेटते आणि इंजिनाचा श्वासही कोंडते. चोराची भीती असेल तर माडाला साखळी आणि कुलूप. राहता राहिला आवाज, तर त्याची दोन घरांनी मिळून वेळ ठरवून घ्यावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मात्र मी एकच सांगेन की हे यंत्र तुमच्यासाठी नाही. बाल्कनी म्हणजे उघड्यावरची जागा नव्हे. तिथे बॅटरीचा इन्व्हर्टर बरा.

जागा ठरली की तेल. नवा जनरेटर बहुधा इंजिनात तेल न घालताच येतो. खोके फोडले, पेट्रोल ओतले, दोरी ओढली आणि इंजिन कोरडेच फिरले, असे प्रकार घडतात. चांगल्या यंत्रांत तेल कमी असले की ठिणगीच बंद करणारा सेन्सर असतो. मग माणूस घामाघूम होईपर्यंत दोरी ओढतो आणि यंत्राला शिव्या देतो. सरळ जमिनीवर ठेवून, इंजिन थंड असताना तेलाची पट्टी काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा घालून बघायची. बऱ्याच यंत्रांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. पुस्तकात चित्र असते, ते एकदा पाहून ठेवावे. लहान इंजिनाला अर्धा ते सव्वा लिटर तेल लागते. पहिले तेल २० तासांनी बदलायचे, कारण नव्या भागांची झीज होऊन धातूचा चुरा त्यात उतरतो. पुढे १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. टू-स्ट्रोकच्या लहानग्या यंत्रांचा हिशेब निराळा. त्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात. फोर-स्ट्रोकच्या टाकीत तेल घातले किंवा टू-स्ट्रोकमध्ये घालायचे विसरले, की मिस्त्रीची दिवाळी.

पेट्रोलबद्दल आपण सर्वांत बेफिकीर असतो, कारण ते रोज बघतो. उणे ४० अंशांतही ज्याची वाफ पेट घेऊ शकते असा हा द्रव आहे, आणि त्याची वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड. ती जमिनीलगत सरपटत जाते. दहा पावलांवर देवापुढची समई किंवा चूल असेल तर तिला तेवढे पुरते. म्हणून पेट्रोल भरायचे ते इंजिन बंद करून, पंधरा-वीस मिनिटे थांबून, दिवसाउजेडी, नरसाळ्याने. टाकी काठोकाठ भरायची नाही. उन्हाने पेट्रोल फुगते, त्याला जागा हवी. सांडले तर पुसून वाळू द्यावे, मगच पुढचे. रात्री दहा वाजता टाकी रिकामी होऊन सगळे दचकतात आणि कुणीतरी टॉर्च तोंडात धरून तापलेल्या धुराड्यावर कॅन वाकवतो, तो क्षण टाळायला संध्याकाळीच टाकी भरून ठेवणे एवढेच लागते. साठवण धातूच्या किंवा पेट्रोलसाठीच बनवलेल्या डब्यात, घराबाहेर सावलीत, आणि गरजेपुरती. पाण्याच्या बाटलीतले पेट्रोल मुलाच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

साठवणीत आणखी एक मेख आहे. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते. २०२२ साली ते १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. यातले काही महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांतूनही येते, तेव्हा उसाला दोष देण्यात अर्थ नाही. पण इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. कोकणातल्या पावसाळी हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत ते ओल शोषून घेते, आणि ओल फार झाली की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, जिथून इंजिन पेट्रोल ओढते. जुन्या यंत्रांच्या रबरी नळ्याही त्याने फुगतात, त्यांना चिरा पडतात. नुसते पेट्रोलही काही महिन्यांत शिळे होते: हलका भाग उडून जातो आणि चिकट गोंदासारखा साका कार्बोरेटरच्या केसाएवढ्या छिद्रात अडकतो. गेल्या वर्षीच्या टाकीवर यंदा जनरेटर सुरू होत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हाच साका असतो.

आता घराला जोडायचे कसे? इथे मला थोडे रागानेच लिहावे लागते आहे. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये खुपसायचे, की अख्खे घर उजळते, ही युक्ती गावोगाव ठाऊक आहे. युक्ती करणारा हुशार समजला जातो. त्या वायरची उघडी पिन जिवंत असते हा एक भाग झाला. दुसरा भाग घराबाहेर आहे. मेन स्विच चालू राहिला, तर वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते आणि तिथून डीपीत. गावात आपण डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे घरगुती व्होल्टेज करतो. उलट्या बाजूने वीज आली तर तोच आपल्या २३० व्होल्टचे दहा हजारांच्या आसपास करून तारांवर टाकतो. सगळ्या आळीचा भार एकदम अंगावर आला तर लहान जनरेटर बहुधा कण्हून बंद पडेल. पण वादळानंतर तारा कुठे तुटलेल्या, कुठे सोडवलेल्या असतात. नेमका आपल्यापुरताच तुकडा उरला तर तो बंद पडत नाही. आणि त्या तारेला हात घालणारा असतो तो आपलाच वायरमन, महावितरण ज्याला आता जनमित्र म्हणते. लाईन बंद आहे असे समजून तो खांबावर चढलेला असतो, आपल्याच घराला लाईट द्यायला.

उपाय महाग नाही. मीटरच्या पुढे चेंजओव्हर स्विच बसवून घ्यायचा, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून. त्याचा खटका एकतर महावितरणकडे असतो किंवा जनरेटरकडे. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊच शकत नाही. अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी त्याच वेळी तपासून घ्यावा. हे सगळे सुक्या मे महिन्यात होते, वादळानंतर इलेक्ट्रिशियन सापडत नाही. स्विच नसेल तर घराच्या वायरिंगला हातच लावायचा नाही. जाड एक्स्टेंशन वायर आणायची आणि फ्रिज, दिवे, चार्जर थेट तिच्यावर घ्यायचे. वायरीचे वेटोळे पूर्ण उलगडावे. गुंडाळी तशीच ठेवून भार घेतला की ती आतून तापते.

किती भार घ्यायचा, हा हिशेब कागदावर मांडला की पाच मिनिटांचा. दोन केव्हीएच्या यंत्राकडून सलग दीड हजार वॉटच्या आसपास धरून चालावे. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा थोडा वेळ टिकणाऱ्या कमाल शक्तीचा असतो. एलईडी दिवे सहा, पंखे दोन, टीव्ही, फ्रिज आणि मोबाइल मिळून पाचशे वॉटच्या आत बसतात. मग जनरेटरचे पोट भरलेले नसताना पंप का चालत नाही? कारण मोटार सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट वीज ओढते. एक हॉर्सपॉवरचा विहिरीचा पंप चालताना हजार-अकराशे वॉट घेतो, पण उठताना तिपटीहून जास्त मागतो. त्या धक्क्याने लहान जनरेटर मान टाकतो. गीझर, इस्त्री, इंडक्शन यांचा तर विचारही नको. पंप चालवायचाच असेल तर यंत्र घेतानाच पंपाचा एचपी दुकानदाराला सांगावा.

इतके झाल्यावर दोरी. सगळी जोडणी सोडून, म्हणजे भार शून्य ठेवून सुरुवात करायची. पेट्रोलचा कॉक उघडा, टाकीच्या झाकणाला हवेची चावी असेल तर तीही. इंजिनाचा स्विच चालू. थंड इंजिनाला चोक ओढायचा; चोक हवेची वाट अरुंद करतो, म्हणजे पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि थंड इंजिनातही ठिणगीला पेटवायला पुरेशी वाफ मिळते. इंजिन तापलेले असेल तर चोक नको. मग एक हात यंत्रावर, पाय घट्ट, आणि दोरी हळूच ओढत न्यायची. एका ठिकाणी ती जड लागते. तिथे पिस्टन हवा दाबू लागलेला असतो. तिथून एकदम, सरळ रेषेत, झटक्याने ओढायची. मुठीतून ती सोडून द्यायची नाही. हाताने परत नेऊन पोहोचवायची, नाहीतर ती सटकन आत जाऊन झाकणावर आदळते आणि एखाद्या दिवशी तुटते. मिस्त्रीला यात जोर दिसत नसे. "सायकलची हवा भरता तशी नको, विहिरीतून बादली काढता तशी," असे तो म्हणायचा, आणि मग दोन बोटांनी ओढल्यासारखी ओढून दाखवायचा.

तीन-चार ओढीत सुरू झाले नाही तर थांबायचे. स्विच, कॉक, चोक, तेल ही चार नावे पुन्हा पुटपुटून बघायची. निम्म्या वेळा त्यांतच चूक सापडते. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर प्लग ओला झाला. चोक मागे सारून दहा मिनिटे सोडून द्यावे, किंवा प्लग काढून पुसावा. प्लग काढलेला असताना दोरी ओढली तर भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो, तेव्हा ठिणगीची वायर त्यापासून दूर असू द्यावी. हवेचा फिल्टरही उघडून बघावा; त्यात कुंभारमाशीने घर केलेले मी स्वतः पाहिले आहे.

सुरू झाले की चोक टप्प्याटप्प्याने मागे. आवाज एकसारखा झाला, की दोन-तीन मिनिटे तसेच चालू द्यायचे आणि मग भार एकेक करून घ्यायचा, सर्वांत मोठी मोटार आधी. या यंत्रातले इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरते, म्हणून आपल्या विजेला लागणारी सेकंदाला ५० आवर्तने मिळतात. दिवे मंद वाटतात म्हणून इंजिनाचा वेग राखणाऱ्या गव्हर्नरचा स्क्रू पिळणारे हौशी भेटतात. त्यांनी दिव्यांबरोबर फ्रिजचाही खर्च धरून ठेवावा. जनरेटर चोवीस तास चालवायचीही गरज नसते. फ्रिज दिवसातून दोन-तीनदा तास-दीड तास चालला आणि मध्ये उघडला नाही, तर बराच काळ तग धरतो. रात्री झोपताना यंत्र बंद. जागे कुणी नसताना ते चालू ठेवू नये.

बंद करताना क्रम उलटा: आधी भार काढायचा, दोन मिनिटे रिकामे चालवायचे म्हणजे आतली उष्णता निघते, मग स्विच, मग कॉक. आणि गौरी-गणपती होऊन दिवाळीच्या उन्हात यंत्र वर्षभरासाठी ठेवायची वेळ आली की टाकीतले पेट्रोल काढून स्कूटरमध्ये ओतायचे, कॉक बंद करून इंजिन स्वतःहून थांबेपर्यंत चालवायचे. कार्बोरेटर कोरडा पडतो, साका धरायला काही उरत नाही. शेवटी सगळे गार झाले की दोरी एकदा हळू ओढायची, जड लागेल तिथपर्यंत, आणि तिथेच सोडायची. त्या जागी इंजिनाच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. पुढच्या मे महिन्यापर्यंत आत ओल शिरत नाही.